मायचा दम्याचा पंप आणि साडेतीनशेचा स्पेसर: सात महिने वापरून

आमची माय नंदुरबारच्या मिरची पथारीवर वीस वर्षं देठ खुडायला जायची. ओली लाल मिरची उन्हात सुकली, की जरा वारा सुटला तरी तिखट धूळ उठायची. घरी आल्यावर माय नाक पुसायची आणि पदराच्या टोकाला लालसर डाग पडायचा. ती नाकात अडकलेली जाड धूळ. बारीक धूळ मात्र आत जातच राहिली. आता तिला दमा आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ स्टिरॉइडचा पंप घ्यावा लागतो.

पहिले चार महिने आम्ही पंप थेट तोंडात मारत होतो. मेडिकलवाल्याने तो पिशवीत टाकून दिला, कसा घ्यायचा ते कुणीच दाखवलं नाही. माय म्हणायची, "दवाई घसामाच बसस, छातीमा उतरत नई." मी तिचं ऐकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. टाळूवर पांढरे चट्टे आले, आवाज बसला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर उलटं झाड काढून दाखवलं.

श्वासनळी वर जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटर रुंद असते. तिला दोन फांद्या फुटतात, त्या प्रत्येकीला पुन्हा दोन, असं साधारण 23 वेळा होत शेवटी हवेचे फुगे येतात. पंपातून फवारा जोरात सुटतो. तोंडातून घशाकडे वळताना हवा वळते, पण जड आणि वेगातला थेंब सरळ जाऊन घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो. भरधाव ट्रॅक्टरमधला ऊस वळणावर बाहेर पडतो, तसंच. नीट घेतलं तरी थेट पंपाचं बरंचसं औषध असं घशातच राहतं. मायचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

स्पेसर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं नळकांडं. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायची तोटी, मध्ये पातळ झडप. फवारा आधी नळकांड्यात सुटतो, तिथे त्याचा वेग मरतो, मोठे थेंब भिंतीवरच बसतात आणि बारीक थेंब श्वासाबरोबर आत जातात. पंप दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जुळवावं लागत नाही. मायच्या थरथरत्या हाताला हा सर्वांत मोठा आधार झाला.

औषध आत घेतल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत श्वास का धरायचा, हेही तेव्हाच कळलं. फांद्या वाढत जातात तशा नळ्या बारीक होतात, पण त्यांची संख्या इतकी वाढते की हवेला जागा जास्त मिळते आणि ती संथ होते. तिथे एक ते पाच मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण आपल्याच वजनाने हळूहळू खाली बसतात. त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो. लगेच श्वास सोडला तर बरेचसे परत बाहेर. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण तर आदळतही नाहीत, पटकन बसतही नाहीत, त्यातले पुष्कळ श्वासाबरोबर निघून जातात.

एक चूक आमच्याकडून झाली. मी स्पेसर धुऊन कोरड्या फडक्याने घासून पुसायचो. आतल्या भिंतीवर पांढरी साय धरलेली दिसायला लागली. प्लास्टिक घासलं की त्यात वीज साठते आणि औषध भिंतच ओढून घेते. आता आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवतो आणि न पुसता उभा ठेवून वाळू देतो. साय गेली.

तक्रारी दोन. आतलं माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठी एक ओळ नाही. आणि दोन भाग जोडतात ती खाच पाचव्या महिन्यापासून ढिली झाली, मायच्या हातून दोनदा निसटली.

आवाज पूर्ववत झाला, चट्टे गेले. गुळणी करून थुंकणं मात्र स्पेसर असला तरी चुकवायचं नाही, आणि दोन पफ (फवारे) असतील तर दोन्ही वेगवेगळे घ्यायचे. आता माय बोटांच्या पेरांवर दहा मोजते, नातू शेजारी बसून तिच्याबरोबर श्वास धरतो, आणि सातावरच सोडून देतो.