चिपळूणहून निघालेल्या पोरीने कुठली मेट्रो धरावी? मुंबई, पुणे की बंगळूर

शेजारच्या पोरीला एकाच महिन्यात तीन ठिकाणांहून नोकरीचं पत्र आलं. एक अंधेरीच्या सीप्झ या निर्यात कंपन्यांच्या वसाहतीतलं, एक पुण्यात खराडीचं आणि एक बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतलं. पगारात फरक आहे, पण खोलीभाडं वजा केलं की तिन्ही जवळपास सारखेच. बाबांचं म्हणणं, "आता काय, तिन्हीकडे मेट्रो आहे. कुठेही गेली तरी सारखंच." आजी पडवीत फणसाचे गरे काढत बसली होती. हाताला तेल चोपडता चोपडता तिने विचारलं, "ती वरून जाते की खालून?"

मी बावीस वर्षं मुंबईत काढून गावी परतलोय, मुलगी पुण्यात असते आणि बंगळूरला पुतण्याकडे जाणं-येणं असतं. त्यामुळे वाडीतल्या असल्या चौकशा माझ्याकडेच येतात. तिन्ही ठिकाणी मेट्रो आहे हे खरं, पण सारखंच आहे हे साफ खोटं.

आधी आजीचं उत्तर. खालून गेली की खर्च अफाट. मुंबईची ३ नंबरची मार्गिका, आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर. २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. खर्च ३७,२७६ कोटी, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींच्या वर. म्हणून बहुतेक शहरं जमेल तिथे खांबांवरून जातात आणि गावठाणात, पेठांत रस्ता अरुंद झाला की खाली शिरतात. पुण्यात नेमकं तेच झालं. रोजच्या माणसाला यातून काय समजायचं, तर खालच्या स्थानकात मिनिटं धरावी लागतात. सरकते जिने, तपासणी, पुन्हा सरकते जिने. फलकावर "पुढची गाडी ४ मिनिटं" असं वाचून आपण फाटकापाशी खूश होतो, तेव्हा ती गाडी आपली नसते, तिच्या मागची असते.

मुंबई, सीप्झ

मुंबईची मेट्रो एक नाही. पहिली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर, ८ जून २०१४ ला सुरू झाली, ती खासगी भागीदारीतली. दहिसरहून निघणाऱ्या २अ आणि ७ एमएमआरडीए या महानगर प्राधिकरणाच्या, २०२२ च्या गुढीपाडव्याला त्यांचा पहिला टप्पा सुरू झाला. तिसरी एमएमआरसी या वेगळ्या सरकारी कंपनीची. तिचा आरे–बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीला पोचली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला. घरं वेगळी, चुली वेगळ्या. सगळ्यांची तिकिटं एका ठिकाणी मिळावीत म्हणून 'मुंबई वन' अ‍ॅप आलं, ते चांगलं झालं, नाहीतर एका गाडीतून उतरून दुसरीत बसायला पुन्हा रांग हे ठरलेलं होतं.

सीप्झ हे ३ नंबरवरचं स्थानक, त्यामुळे नोकरीच्या टोकाला पोर नशीबवान. मरोळ नाक्याला १ आणि ३ एकमेकींना भेटतात. तिथून एमआयडीसी आणि पुढचं सीप्झ. आता प्रश्न राहतो राहायचं कुठे याचा. आपल्याकडची निम्मी वाडी भांडुप-विक्रोळीला, तिची आत्याही भांडुपलाच. तिथून लोकलने घाटकोपर, घाटकोपरहून १ नंबरने मरोळ नाका, मग ३ नंबर. कागदावर सुंदर. पण १ नंबरची गाडी चार डब्यांची आहे आणि घाटकोपरला लोकलमधून उतरणारा लोंढा बारा डब्यांचा. सकाळी नऊला त्या पुलावर पाय उचलायचा नसतो, मागचे लोक आपल्याला नेतात. ३ नंबरची गाडी आठ डब्यांची, फलाटाला काचेचे पूर्ण उंचीचे दरवाजे, तिथे मात्र माणसासारखं उभं राहता येतं.

दहिसर-कांदिवलीला खोली मिळाली तर लोक सांगतील ७ नंबरने गुंदवलीला उतर, १ नंबर पकड, मग ३. ऐकू नये. ७ वरच जोगेश्वरी पूर्व स्थानक आहे, तिथे उतरावं आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने बस किंवा शेअर रिक्षा धरावी. दोन गाड्या बदलण्याचे जिने वाचतात. मेट्रो आहे म्हणून शेवटच्या पावलापर्यंत मेट्रोनेच गेलं पाहिजे असा काही नवस नाही बोललेला.

आणि गावाला येणं? कोकणच्या गाड्या सीएसएमटी, दादर, ठाणे, पनवेल या वाटेने जातात. सीएसएमटीला आणि दादरला आता ३ नंबरचं स्थानक आहे. फक्त दादरला ते पश्चिमेला आहे, आणि तुतारी एक्सप्रेस पूर्वेकडच्या बाजूला लागते. डोक्यावर तांदळाची गोणी घेऊन तो पूल ओलांडणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. शिवाय रात्रीची गाडी पहाटे अंधारात उतरवते, तेव्हा मेट्रोची दारं उघडलेली असतीलच असं नाही. लोकल रात्रीचे जेमतेम तीनेक तास झोपते, मेट्रो चांगली सहा-सात तास झोपते. सीप्झसाठी माझा सल्ला ठाण्याला उतरून घाटकोपर गाठायचा. सामान कमी असेल तरच.

सामानावरून आठवलं. एका शहरातल्या मेट्रोत, नाव नको, माझी पिशवी तपासणीच्या पट्ट्यावरून पलीकडे गेली आणि तिथल्या पोराने नाक मुरडलं. आत सोडे आणि सुकट, सगळी सुकी मासळी. कागदात, मग पिशवीत, मग अजून एका पिशवीत, तरी वास गेलाच. त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने अजून एकाला. वीस मिनिटं मी आणि माझी सुकट बाजूला उभे. शेवटी समोरच्या दुकानातून झाकणाचा डबा विकत घेतला तेव्हा सोडलं. नियम त्यांच्या बाजूने आहे, वासाचं सामान चालत नाही, हे मलाही मान्य. पण लोकलच्या मालडब्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

पुणे, खराडी

पुण्याची मेट्रो लहान आहे. वनाज–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका–स्वारगेट, दोन्ही मिळून तेहतीसेक किलोमीटर, तीन डब्यांच्या गाड्या. मार्च २०२२ पासून तुकड्या-तुकड्यांनी सुरू होत गेली. रामवाडी मार्च २०२४ मध्ये, स्वारगेट सप्टेंबर २०२४ च्या शेवटी. दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात, एक खोल जमिनीत, एक वर खांबांवर, आणि मधले सरकते जिने संपता संपत नाहीत. भाडं सगळ्यात कमी, दहापासून पस्तीस रुपयांपर्यंत. शनिवार-रविवारी सवलतही असते.

कोकणातल्या माणसाला मात्र पुण्यात एक मोठं सुख आहे, आणि ते कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. आपली एसटी स्वारगेटला लागते आणि मेट्रोचं स्थानक तिथेच खाली आहे. कुंभार्ली घाट उतरून-चढून हाडं खिळखिळी झालेला माणूस बसमधून उतरतो, पिशव्या उचलतो आणि जिना उतरून गाडीत बसतो. स्वारगेटच्या रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. गावची गाडी आणि शहराची मेट्रो इतकी जवळ मी तिन्ही शहरांत दुसरीकडे बघितली नाही. रेल्वेचं म्हणाल तर पुण्याहून कोकणात थेट गाड्या मोजक्याच, पनवेलला वळसा घालून येणाऱ्या. पुण्याचा चाकरमानी एसटीचाच.

दुसऱ्या टोकाला मात्र गोची आहे. रामवाडीला मेट्रो संपते आणि खराडीचे आयटी पार्क तिथून पाचेक किलोमीटर पुढे. पीएमपीची बस, रिक्षा नाहीतर कंपनीची गाडी, आणि नगर रस्त्यावरची ती पाच किलोमीटरच दिवसातली सगळ्यात लांब असतात. रामवाडी–वाघोली वाढीव मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण मंजुरीत बसून कोणी ऑफिसला जात नाही. हीच गोष्ट हिंजवडीची. हिंजवडी–शिवाजीनगर ही तेवीस किलोमीटरची मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्राधिकरणाची आहे. तिथे नोकरी असेल त्याने तिच्यात माणसं चढताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावीत आणि मगच तिच्या भरवशावर खोली घ्यावी. "मेट्रोपासून पाच मिनिटांवर" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर घरमालकाला एवढंच विचारा, कुठल्या मेट्रोपासून, धावणाऱ्या की नुसते खांब उभे असलेल्या?

म्हणून खराडी घ्यायची तर खोली खराडीतच घ्यावी, चालत जाता येईल अशी. मेट्रो मग सुट्टीत गावाला येण्यापुरती आणि लक्ष्मी रोडला खरेदीला जाण्यापुरती. त्यात वाईट काहीच नाही.

बंगळूर, इलेक्ट्रॉनिक सिटी

इथे फार वेळ घालवत नाही, कारण पोरीच्या आईने हे पत्र मनातून आधीच फाडलंय. पण न्याय म्हणून सांगतो. तिथली नम्मा मेट्रो २०११ पासून धावते, गाड्या सहा डब्यांच्या आणि जाळं मोठं. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी पिवळी मार्गिका, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. नुसत्या नोकरीचा विचार केला तर तिन्हींत हीच सगळ्यात सरळ, कारण मेट्रो ऑफिसांच्या दारात जाते. सुरू झाली तेव्हा मात्र तीनच गाड्या होत्या आणि दर २५ मिनिटांनी एक यायची. रूळ टाकून होतात, पण गाड्याच येत नाहीत, हे आपल्याकडे नेहमीचं. त्यामुळे कुठल्याही शहरात मार्गिका किती किलोमीटरची हे विचारण्याआधी गर्दीच्या वेळी गाडी किती मिनिटांनी येते ते विचारावं. भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढलं, आता सगळ्यात लांबच्या प्रवासाला ९० रुपये. तेच मुंबईच्या ३ नंबरवर ७० आणि पुण्यात ३५.

आणि गणपतीला यायचं तर रात्रभर बस, कोल्हापुरात बदली, मग घाट. चतुर्थीला निघालेली पोर पंचमीला पोचणार.

मग नवी मुंबई का नाही?

हे तिच्या मामाने विचारलं. बेलापूर–पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालते, अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं, तीन डबे. तळोजा-खारघरकडे खोल्या स्वस्त आणि पनवेल हाकेच्या अंतरावर, जिथे कोकणची जवळजवळ प्रत्येक गाडी थांबते. कोकणच्या माणसाला राहायला याहून सोयीची जागा नाही. पण ही मेट्रो पनवेलला जात नाही आणि मुंबईलाही जात नाही, बेलापूरला हार्बर लोकलच्या हवाली करते. तळोज्याहून सीप्झ म्हणजे मेट्रो, लोकल, मेट्रो, मेट्रो. खारघरला किंवा बेलापूरला नोकरी असती तर डोळे मिटून हो म्हटलं असतं.

बोलणं चाललं होतं तेवढ्यात कोणीतरी म्हणालंच, "आपल्या रत्नागिरीला कधी येणार मेट्रो?" हा विनोद दर गणपतीत होतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर पाऊण लाखाचं, आणि घाटकोपरच्या त्या पुलावरून तेवढी माणसं किती वेळात जात असतील याचा हिशेब मी करत बसत नाही. पण हेवा करायचाच तर कोचीचा करावा. तिथे जमिनीवरची मेट्रो २०१७ ची, आणि एप्रिल २०२३ पासून जलमेट्रो. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या विजेवरच्या होड्या, तरंगता धक्का, तिकिटाचं फाटक, बेटावरची माणसं ऑफिसला. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला या आपल्या फेरीबोटी त्याच जातीच्या आहेत, फक्त त्यांना कोणी मेट्रो म्हणत नाही. मेट्रोचं म्हणाल तर आपलं नातं तसंही आहे: कोकण रेल्वे उभी करणारे ई. श्रीधरन इथले बोगदे संपवून दिल्लीला मेट्रो बांधायला गेले. तिची पहिली गाडी डिसेंबर २००२ ला शहादरा–तीस हजारी धावली, आणि मग प्रत्येक शहराला आपलीही हवी झाली.

तर पोरीला मी सांगितलं ते असं. बंगळूरचा पगार कितीतरी जास्त असता तर गोष्ट वेगळी होती. पुणे घेतलंस तर मेट्रो विसर, चालत जाता येईल अशी खोली बघ, एसटी आहेच. मुंबई घेतलीस तर आत्याकडे महिनाभर राहा आणि घाटकोपरचा पूल सकाळी सलग पाच दिवस करून बघ. सहाव्या दिवशी मरोळला भाड्याची खोली शोधावीशी वाटली तर शोध, भाडं जास्त पडेल, पण दोनच स्थानकांवर ऑफिस. माझा कौल मुंबईला, कारण मरोळहून साकीनाका, कुर्ला, सीप्झ, बीकेसी सगळंच आवाक्यात, पुढची नोकरी बदलली तरी खोली बदलावी लागणार नाही. पुण्यात खराडीची नोकरी सुटून हिंजवडीची लागली की बिऱ्हाड उचलावं लागतं.

बाबा गप्प झाले. आजीने गऱ्यांचं ताट पुढे सरकवलं. पोर फोनवर मरोळचे भाव बघत होती, मान वर न करता म्हणाली, "काका, एवढं सांगा. सुकट न्यायची की नाही?"

मी म्हटलं, ने गो बाय, पण डबा घट्ट झाकणाचा घे. आजी उठून आत गेली. मांडणीवरची भांडी खाली यायला लागल्याचा आवाज आला.