असेंबल केलेला पीसी आणि त्याचं अधूनमधून बंद पडणं : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी मशिन सांगतो. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० सीएल३० रॅमची १६-१६ जीबीची जोडी (६००० हा तिचा वेग), आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा) आणि १ टीबीची एनव्हीएमई डिस्क. काही भाग पुण्यात तापकीर गल्लीतून घेतले, काही ऑनलाइन मागवले आणि घरीच जोडले. काम मुख्यतः दाविंची रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ एडिटिंगचं, सोबत थोडं ब्लेंडर. दिवाळीच्या सुमारास मशिन उभं राहिलं, आता पावसाळा संपत आलाय. वेगाबद्दल एक शब्दाचीही तक्रार नाही. या पैशात तयार मिळणाऱ्या कोणत्याही डेस्कटॉपपेक्षा हे मशिन मला जास्त आवडतं, आणि पुन्हा घ्यायचं झालं तरी प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्ड हेच घेईन. पण मधले काही महिने ते वाटेल तेव्हा बंद पडत होतं. लिहायचंय ते त्याबद्दल, कारण असेंबल केलेल्या पीसीत हा त्रास अनेकांना होतो आणि बहुतेक जण चुकीच्या भागावर पैसे घालतात.

कधी रेंडर चालू असताना मशिन जायचं, कधी ब्राउझरमध्ये नुसतं काही वाचत असताना. चार-चार दिवस काही नाही आणि मग एकाच संध्याकाळी दोनदा. विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. दुकानात ऐकलं, "सर, विंडोज परत टाका, होऊन जाईल." एक मित्र म्हणाला एसएमपीएस बदल, दुसरा म्हणाला थर्मल पेस्ट नीट बसली नसेल. तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये बघितलं, तर प्रोसेसर ८० अंशांच्या आत. एएमडीची मर्यादा ९५ ची आहे, म्हणजे तो विषय तिथेच संपला. काहीही बदलण्याआधी मशिनने स्वतः काय लिहून ठेवलंय ते वाचा, एवढं मला अगदी कळकळीने सांगायचंय.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, असतो. मशिन अचानक गेलं की पुढच्या वेळी सुरू होताना तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद पडते. नाव पाहून लोक लगेच एसएमपीएसकडे धावतात, पण ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये असते, बगचेककोड नावाच्या ओळीत. माझ्या नोंदी एकाखाली एक उघडल्या तर काहींत तिथे २६, ८०, १० असे आकडे होते आणि काहींत सरळ शून्य. आकडा असेल तर विंडोजला आपण कोसळतोय हे कळलं होतं आणि ब्लू स्क्रीन आली होती. (२०२५ मधल्या अपडेटपासून विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन काळी दिसते, तेव्हा रंगावर जाऊ नका.) शून्य असेल तर बहुतेक वेळा विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेलेली असते किंवा मशिन रीसेट झालेलं असतं. दोन्ही प्रकार मी इतके दिवस एकच आजार समजून चाललो होतो. खरं तर एकाच रोग्याला दोन वेगळे रोग होते, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नव्हतं. ही वाटणी झाल्यावर पुढचं सगळं सोपं झालं.

पहिला रोग आकड्यांचा. २६ म्हणजे हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या मोजणीत) १ए, मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट. १० म्हणजे ए, आयआरक्यूएल वाला. तिन्ही मेमरीशी जोडलेले कोड. कोसळताना विंडोज जी मिनीडंप फाइल लिहून ठेवतं ती विनडीबीजी या प्रोग्राममध्ये उघडली की कोणता ड्रायव्हर दोषी वाटतो ते तो सांगतो. माझ्याकडे एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आला, एकदा वायफायचा, एकदा विंडोजचा कर्नलच (गाभा). आरोपी दर वेळी बदलतोय म्हणजे सगळे ज्या रॅममध्ये बसतात तीच नासलेली असण्याची शक्यता मोठी. तोच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा आला असता तर मी त्याच्या मागे लागलो असतो.

खात्री पटली ती एका साध्या चाचणीने. शूटिंगची एक बरीच मोठी फाइल घेतली आणि विंडोजच्याच सर्टयुटिल कमांडने तिचा एसएचए२५६ हॅश काढला (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा, फाइल तीच तर ठसाही तोच). लगेच पुन्हा काढला. फाइलला कोणी हात लावला नव्हता, तरी दोन उत्तरं वेगळी आली. हे बघून मी हबकलोच. मशिन बंद पडणं परवडलं, पण न बंद पडता ते माझ्या फाइली गुपचूप बिघडवत असेल तर बॅकअपलाही अर्थ उरत नाही. म्हणून सांगतो, असा संशय आला की आधी जुना बॅकअप बाजूला ठेवा आणि रॅमचा निकाल लागेपर्यंत त्यावर नवीन काही लिहू नका.

मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेऊन रात्रभर लावला. एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारं बोर्डाचं सेटिंग) चालू असताना, म्हणजे रॅम ६००० वर असताना, लाल ओळी, म्हणजे चुका, आल्या. एक्स्पो बंद करून ४८०० वर लावला तर सगळे फेरे स्वच्छ. इथे थांबून "४८०० वरच चालवू" म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण एएमडीच्या कागदावर या प्रोसेसरला दोन स्टिक लावल्यावर ५२०० चाच आकडा आहे, ६००० हे ओव्हरक्लॉकिंगच. पण रॅमच्या खोक्यावर ६००० छापून त्याचे पैसे घेतलेत, तर दोष स्टिकमध्ये आहे, बोर्डात आहे की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये आहे हे कळायलाच हवं. उपाय कंटाळवाणा पण पक्का : एकच स्टिक, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, ६००० वर, पूर्ण चाचणी. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एक स्टिक रात्रभर स्वच्छ राहिली, दुसरीने चुका दाखवल्या. तीच दुसरी स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये लावली, तिथेही चुका. चुका स्टिकबरोबर फिरत होत्या, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोघेही सुटले.

डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका दुरुस्त करणारी सोय) असतं ना, मग चुका कशा, असा प्रश्न हमखास येतो. ते ईसीसी चिपच्या आतल्यापुरतं असतं. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना होणारी गडबड ते पकडत नाही. आणखी एक, स्टिक बदलल्यावर एएम५ च्या (माझ्या रायझनच्या सॉकेटच्या) मशिनवर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

वॉरंटीचा अनुभव मिश्र. कंपनीचं नाव देत नाही, खराब स्टिक कोणाचीही निघू शकते. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं उत्तर मिळालं, "डिस्प्ले येतोय, रॅम ओके आहे." त्यांच्या बाकावर ती ४८०० वर चालू होत होती, तेव्हा ओके दिसणारच. एक्स्पो चालू असल्याचा बायॉसचा (बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनचा) फोटो आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो दाखवला तेव्हा कुठे माल जमा करून घेतला. जोडी जुळवून विकलेली असल्याने चांगली स्टिकही सोबत द्यावी लागली. बिल लागतं, स्टिकवरचं सीरियल नंबरचं स्टिकर शाबूत लागतं. तोवर एका मित्राची ८ जीबीची स्टिक लावून ढकललं. नवी जोडी आली ती पहिल्या रात्रीपासून ६००० वर स्वच्छ आहे.

ब्लू स्क्रीन गेल्या, पण शून्याच्या नोंदी येतच राहिल्या. दोन रोगांची वाटणी केली नसती तर इथे मी नव्या रॅमलाही दोष देऊन बसलो असतो.

शून्यवाल्या प्रकारात वेळा महत्त्वाच्या. त्याच लॉगमधल्या ६००८ क्रमांकाच्या नोंदीत आधीचं शटडाउन किती वाजता झालं ते लिहिलेलं असतं. त्या वेळा कागदावर उतरवल्या तर बहुतेक सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक सुमारास, म्हणजे सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो तेव्हाच्या. पंप लागला की आमच्याकडे दिवे क्षणभर मंद होतात आणि यूपीएसमधून टक् असा रिलेचा आवाज येतो. पण पंप तर रोज लागतो, मग मशिन रोज का जात नाही?

उत्तर यूपीएसच्या मागच्या स्टिकरवर होतं. ६०० व्हीए, आणि खाली बारीक अक्षरात ३६० वॅट. मशिनचा भार मोजायचा तो वॅटमध्ये. आधीच्या साध्या मशिनला तो पुरेसा होता. नव्या मशिनमध्ये आरटीएक्स ४०७० एकटं २०० वॅट घेतं, ७६०० पूर्ण जोरात ८८ पर्यंत जातो, बोर्ड, पंखे, डिस्क, एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज आणि वर मॉनिटर. रेंडर चालू असताना हा हिशोब ३६० च्या पलीकडे जातो. नुसतं वाचत बसलं तर शंभरच्या आसपास. म्हणजे पंप आणि रेंडर एकाच वेळी जुळले तरच यूपीएस बॅटरीवर जाऊन कोलमडायचा. हे बघायला सोपी चाचणी आहे : सगळं काम सेव्ह करून प्रोजेक्ट बंद करा, एखादा बेंचमार्क लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. माझं मशिन तत्क्षणी गेलं. तेच डेस्कटॉप रिकामा असताना प्लग काढला तर यूपीएस पिकपिक करत राहिला आणि मशिन आरामात चाललं.

त्यात स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर खरी साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. आजकालच्या ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसना ती लोड वाढल्यावर मानवेलच असं नाही. मी यूपीएस पूर्ण काढून मशिन काही दिवस थेट भिंतीवर चालवलं, तर पंपाच्या वेळीही एकदाही गेलं नाही. एसएमपीएस तो क्षणभराचा डिप स्वतःच पचवत होता. म्हणजे ज्याला बदलायला सगळे सांगत होते तोच भाग ठणठणीत होता. आता प्युअर साइन वेव्हचा मोठा यूपीएस घेतलाय. घेताना व्हीए नव्हे, वॅट वाचा. दुकानात मोठ्याने सांगतात तो आकडा नेहमी व्हीएचा असतो.

याच दरम्यान इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं, कारण कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. त्याने सॉकेट उघडलं आणि म्हणाला, "दादा, अर्थिंगची वायर जोडलीच नाहीये, नुसती वळवून ठेवलीय." एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, पण झिणझिण्या त्याच्याच. मशिन बंद पडण्याचं कारण हे नव्हतं, ते स्पष्ट सांगतो, कारण अर्थिंग केलं की सगळं बरं होतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तरीही हे काम आधी करून घ्या. घरात माणसं आहेत, आणि तिसरी जाड पिन उगाच दिलेली नाही.

बायॉस अपडेट मी सुरुवातीलाच केलं होतं, २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ व्होल्टवर बांधलं, ते त्यात यावं म्हणून. तुमच्याकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर मात्र माझा क्रम उलटा करा : आधी बायॉस. त्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे होणाऱ्या झिजेवर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायॉसमधून येणारी, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

सध्या मशिन ६००० वर, नव्या यूपीएसवर, पंपाच्या वेळीही रेंडर करत चालू आहे आणि लॉगमध्ये ४१ ची नवी नोंद नाही. महिन्यातून एकदा त्याच मोठ्या फाइलचा हॅश काढून कागदावरच्या जुन्या हॅशशी पडताळतो. बायॉसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवून वापरणारं सेटिंग) मी बंदच ठेवलंय. त्यामुळे दर वेळी सुरू होताना ट्रेनिंग नव्याने होतं आणि थोडं थांबावं लागतं, पण सकाळी चहा टाकून येईपर्यंत ते झालेलं असतं.