मोरेन लेक, बॅन्फ: शटलनेच जा, पण ‘सनराइजच पाहिजे’ हा हट्ट सोडा

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा आले की कॅल्गरीकरांचा पहिला वीकेंड ठरलेलाच असतो, कॅनडाच्या रॉकी पर्वतातलं बॅन्फ नॅशनल पार्क. आणि बॅन्फमध्ये सगळ्यांना बघायचा असतो तो मोरेन लेक, कारण व्हॉट्सॅपवर कोणीतरी तो निळाशार फोटो पाठवलेला असतो. तर हा रिव्ह्यू तिथल्या पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे नॅशनल पार्क सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, शटल बसचा आणि कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी त्या जागेचा. आधीच सांगते, पाचपैकी साडेचार.

२०२३ पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर प्रायव्हेट गाड्या बंद आहेत. आधी लोक मध्यरात्रीपासून तिथे गाडी लावून आतच झोपायचे, तरी पार्किंग फुल्ल. आता लेक लुईस स्की रिसॉर्टच्या पार्क अँड राइडला गाडी ठेवायची, तिथलं पार्किंग फुकट, आणि शटलमध्ये बसायचं. बंदी आली तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती, आमच्या ग्रुपवर पण, पण खरं सांगू का, हेच बरं आहे. वर हॉर्न नाही, पार्किंगसाठी घिरट्या नाहीत, आणि एरवी आपली गाडी चालवणाऱ्याला पण खिडकीबाहेर बघता येतं.

बुकिंग मात्र आपल्या तत्काळ तिकिटासारखं आहे हे धरूनच चाला. सीझनच्या काही सीट्स एप्रिलमध्ये सुटतात त्या भराभर संपतात, उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता, माउंटन टाइमप्रमाणे, म्हणजे बॅन्फच्या घड्याळाने, तेव्हा टोरांटोहून येणाऱ्यांनी घड्याळ नीट बघा. आधीच अकाउंट उघडून लॉगिन करून बसायचं. तिकीट अगदी स्वस्त, मुलांना तर फुकट, पण नॅशनल पार्कचा पास वेगळा लागतो हे विसरू नका. जायची वेळ ठरलेली असते, परत यायची नाही, रांगेत उभं राहायचं आणि येईल त्या बसने निघायचं. त्याच तिकिटावर ‘लेक कनेक्टर’ या दोन तलावांमधल्या बसने लेक लुईसलाही जाता येतं, म्हणजे दोन्ही तलाव एकाच दिवसात. आणि वर फोनला रेंज येईल या भरवशावर राहू नका, तिकिटाचा स्क्रीनशॉट खालीच काढून ठेवा.

एकदा सीट्स मिळाल्या नाहीत म्हणून आम्ही एका खाजगी टूरवाल्याच्या व्हॅनने गेलो होतो. पैसे कितीतरी पट, आणि वर पोचल्यावर “पाऊण तासात परत या.” पाऊण तासात आईचं स्वेटर घालणं आणि वॉशरूमची रांगच होते हो, फोटो कधी काढायचे!

आता फोटोंचं. इंटरनेटवर जो तो सांगतो सनराइजला जा. पहाटे ४ आणि ५ ची ‘अल्पाइन स्टार्ट’ शटल्स पण आता आहेत, जुलैत सूर्योदय गाठायचा तर तीच लागतात. पहाटे शिखरांवर जो गुलाबी-केशरी उजेड पडतो तो भारीच, वाद नाही. पण त्या वेळी तलाव सावलीत असतो, पाणी करडं-निळं दिसतं, आणि काठच्या दगडांच्या ढिगावर, म्हणजे रॉकपाइलवर, ट्रायपॉडला ट्रायपॉड चिकटलेला. तुम्हाला ‘तो’ रंग हवा असेल तर ऊन पाण्यावर पडावं लागतं. हिमनदीने खडक घासून केलेलं मैद्याइतकं बारीक पीठ पाण्यात तरंगत असतं आणि त्याच्यावरून उजेड पसरतो म्हणून तो रंग. त्यामुळे पाहुणे घेऊन जाणाऱ्यांनी सरळ १० नंतरची सीट घ्या, झोपही होते आणि फोटोही चांगला येतो. आणि जूनच्या सुरुवातीला जाऊ नका, बर्फ असतो आणि तलाव भरलेला नसतो. जूनअखेर ते जुलै बेस्ट.

रॉकपाइल म्हणजे तलावाच्या तोंडाशी असलेला दगडांचा ढीग. मोरेन म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढिगारा, आणि १८९९ मध्ये वॉल्टर विलकॉक्सने हा ढीग तसलाच समजून तलावाला नाव दिलं, आता मात्र तो बहुतेक दरड कोसळून झालेला असावा असं मानतात. मागच्या बाजूने पायऱ्या आहेत, चढ फार नाही, बाबा आरामात चढले. गुडघे दुखत असतील तर काठाने सपाट वाट आहे, आई तिकडूनच गेली आणि पाण्याजवळ पोचल्यावर म्हणाली, “अगं, मला वाटायचं तुम्ही फोटोत रंग वाढवता, हे तर खरंच असं आहे.” बाबांचं लक्ष तिसरीकडेच, कारण हाच देखावा १९६९ आणि १९७९ च्या सिरीजच्या कॅनडाच्या २० डॉलरच्या नोटेमागे होता आणि त्यांना नोटा जमवायचा नाद, तेव्हा अर्धा वेळ “ते शिखर नोटेवर कुठे आहे” हेच.

कॅमेऱ्यात वाइड लेन्स पुरते, तलावामागची दहाही शिखरं एका फ्रेममध्ये हवीत तर फोनवर पॅनोरमा काढा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) असेल तर जरूर न्या, पाण्यावरची चकाकी जाऊन खालचा रंग वर येतो, पण रिंग हळूहळू फिरवत बघा. पूर्ण फिरवली की डोंगरांचं प्रतिबिंब पण पुसलं जातं आणि वाइडला आभाळ एका कोपऱ्यात काळपट येतं, मी अर्ध्यावर थांबवते. काठावरच्या ओंडक्यांवर चढून रील काढणारे बरेच दिसतात, ते ओले असतात आणि पाणी बर्फासारखं थंड, तेव्हा आपण काठावरूनच काढावं. ड्रोन नॅशनल पार्कमध्ये चालत नाही, बॅगेतून काढूच नका. खारींना शेंगदाणे-भाकरवडी पण नाही, प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, आजीआजोबांना आधीच समजावून ठेवा.

अर्धा स्टार कापला तो रॉकपाइलवरच्या धक्काबुक्कीसाठी, दुपारी तिथे एक मोकळा कोपरा मिळायला वाट बघावी लागते. गर्दी नको असेल तर कन्सोलेशन लेक्सची वाट धरा, पण हा अस्वलांचा भाग आहे, कधीकधी काही वाटांवर चार जणांच्या घोळक्यानेच जायचा नियम असतो, निघायच्या आधी बोर्ड वाचा आणि बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) हाताशी ठेवा, सॅकच्या तळाशी नाही. सप्टेंबरच्या शेवटी वर लार्चची झाडं पिवळी होतात, त्या आठवड्यांत सीटसाठी जास्तच मारामारी. ऑक्टोबरच्या मध्याला रस्ता बंद होतो, मग थेट पुढचा जून.