खिशातला रेडिओ : सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिन्यांपूर्वी मी खिशात मावेल असा एक रेडिओ घेतला आणि तेव्हापासून तो जवळजवळ रोज वापरते आहे. तळहाताएवढा आकार, एफएम, मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असे तीन बँड, आकड्यांचा छोटा डिस्प्ले, ओढून लांब करायची एरियल आणि काढता-घालता येणारी चपटी लिथियम बॅटरी, असे त्याचे स्वरूप आहे. या प्रकारचे रेडिओ अनेक कंपन्या बनवतात आणि आतून ते बरेचसे सारखे असतात, म्हणून विशिष्ट मॉडेलचे नाव न घेता या जातीच्या रेडिओविषयीच लिहिते. पहिल्या पंधरा दिवसांत मी तो परत करण्याच्या विचारात होते. पुढे मी त्याची एक सेटिंग बदलली, ठेवण्याची जागा बदलली आणि चार्ज करण्याची सवय बदलली. त्यानंतर मात्र माझी तक्रार फारशी उरली नाही.

आधी त्या सेटिंगविषयी. रेडिओ सुरू करून मी आपोआप स्टेशने शोधण्याचे बटण दाबले तेव्हा एफएमवर भरपूर स्टेशने सापडली, पण मिडियम वेव्हवर हाती लागली ती जेमतेम दोन, आणि त्यांचाही आवाज चिरका व घशातून आल्यासारखा. एरियल, बॅटरी, खोली या सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर माहितीपत्रकातली एक बारीक ओळ दिसली. मिडियम वेव्हवरची स्टेशने ठरावीक अंतराने मांडलेली असतात. आशिया, युरोप आणि आफ्रिकेत हे अंतर ९ किलोहर्ट्झ आहे, तर अमेरिका खंडात १० किलोहर्ट्झ. माझा रेडिओ कारखान्यातून १० वर लावलेला आला होता, त्यामुळे तो बहुतेक स्टेशनांच्या शेजारून निघून जात होता. बंद अवस्थेत एक बटण काही सेकंद दाबून धरले, डिस्प्लेवर ९ आले, आणि पुन्हा शोध घेतल्यावर स्टेशनांची संख्या लगेच वाढली. नवा रेडिओ हातात आल्यावर घड्याळ लावण्याच्याही आधी हे तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. एफएमच्या बाबतीतही बँडची हद्द पाहून घ्यावी. बहुतेक देशांत ती ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असते, पण जपानसारख्या देशात ७६ पासून सुरू होते, आणि चुकीचा प्रदेश निवडलेला असेल तर वरच्या टोकाची स्टेशने दिसतच नाहीत.

एफएमसाठी ओढून लांब करायची एरियल पूर्ण उघडावी. एफएमच्या मध्यावर लहरीची लांबी साधारण तीन मीटर असते आणि तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरची एरियल उत्तम काम देते. खिशातल्या रेडिओची एरियल त्याहून बरीच आखूड असते, त्यामुळे तिची एक नळीही आत ठेवणे परवडत नाही. ती सरळ उभी ठेवून, मग तिरकी करून, मग आडवी करून पाहावे, कारण एका स्टेशनला मानवणारी स्थिती दुसऱ्याला मानवेलच असे नाही. खिडकीजवळ आवाज स्वच्छ येतो, तर लोखंडी कपाटाशेजारी तो खरखरतो. दूरचे स्टेशन स्टिरिओमध्ये सतत सुसकारत असेल तर मोनो करावे. त्या एका बदलाने अर्धी खरखर जाते आणि बोलण्याच्या कार्यक्रमात काहीही गमावल्यासारखे वाटत नाही. इअरफोन लावल्यास त्याची वायरच एरियलचे काम करते, म्हणून ती गुंडाळून खिशात कोंबू नये.

मिडियम वेव्हचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आणि या रेडिओने मला सर्वांत जास्त शिकवले ते इथे. या बँडसाठी बाहेरची एरियल कितीही ओढली तरी उपयोग नसतो. आत फेराइटची एक लहान कांडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते, आणि ती कांडीच एरियल असते. कांडीची लांब बाजू प्रक्षेपण केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज भरून येतो. तिचे टोक केंद्राकडे रोखले गेले की तेच स्टेशन जवळजवळ नाहीसे होते. म्हणून मिडियम वेव्ह लावताना रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू संपूर्ण फिरवून पाहावा. याचा उलटा उपयोग त्याहून मोलाचा आहे. माझ्या खोलीत एका एलईडी दिव्यामुळे एकसुरी घरघर येत असे. रेडिओ अशा कोनात ठेवला की कांडीचे टोक त्या दिव्याकडे येईल, तेव्हा घरघर दबली आणि स्टेशन तसेच राहिले. पुढे मी घरातली विजेची उपकरणे एकेक करून बंद केली आणि आवाज कशाने येतो हे शोधून काढले. दोषी ठरले ते दोन दिवे आणि मोबाइलचा एक चार्जर. हा उपद्रव जवळून तीव्र असतो पण अंतर वाढले की झपाट्याने कमी होतो, त्यामुळे रेडिओ दीड-दोन मीटर दूर नेणे हाही पुष्कळदा पुरेसा उपाय ठरतो. रेडिओ चार्ज होत असताना मिडियम वेव्ह ऐकण्याचा प्रयत्न करू नये. त्या वेळी चार्जरचाच आवाज ऐकावा लागतो.

सूर्यास्तानंतर या बँडवर जे घडते ते मला आजही अपूर्व वाटते. दिवसा वातावरणाच्या आयनांबराचा सर्वांत खालचा थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशने ऐकू येऊ लागतात. आवाज चढतो, उतरतो, मध्येच एखादी अनोळखी भाषा पुढे येते. ज्यांनी दिवसा एकदा मिडियम वेव्ह लावून हा बँड मेला आहे असे ठरवले असेल, त्यांनी एकदा रात्री पुन्हा लावून पाहावे.

शॉर्ट वेव्हबद्दल थोडक्यात सांगते. दिवसा वरच्या वारंवारता, म्हणजे साधारण १३ मेगाहर्ट्झच्या पुढच्या, आणि रात्री १० मेगाहर्ट्झच्या खालच्या अधिक फलदायी ठरतात. संध्याकाळी ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झचा ३१ मीटर पट्टा मला सर्वांत भरवशाचा वाटला. या रेडिओत एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाज क्षणभर तुटतो, त्यामुळे हळुवार शोध घेण्याचा जुना आनंद मिळत नाही, आणि क्षीण स्टेशन ऐकू येण्याऐवजी एकदम मुके होते. ही त्याची खरी मर्यादा आहे.

एरियलच्या टोकाला तीन-चार मीटर वायर चिमट्याने जोडून ती खिडकीबाहेर सोडली तर शॉर्ट वेव्हवर लक्षणीय फरक पडतो. परंतु आकाशात गडगडाट ऐकू येऊ लागताच ती वायर काढून ठेवली पाहिजे. वीज थेट वायरवर कोसळावीच लागते असे नाही. जवळपास पडलेल्या विजेमुळेही वायरमध्ये रेडिओ जाळण्याइतका दाब निर्माण होऊ शकतो, आणि तो रेडिओ आपल्या हातात असतो. अशी वायर विजेच्या तारांच्या जवळपास किंवा त्यांच्यावरून कधीही टाकू नये. वादळात रेडिओची गरज सर्वांत जास्त असते हे खरे आहे, पण बातम्या ऐकायला त्याची स्वतःची एरियल आणि स्वतःची बॅटरी पुरते.

बॅटरीविषयी मी थोडी हळवी आहे, कारण माझा आधीचा रेडिओ मी निष्काळजीपणाने गमावला. त्यात दोन पेन्सिल सेल होते. तो वर्षभर ड्रॉवरमध्ये तसाच पडून राहिला, सेल पाझरले आणि आतल्या स्प्रिंगा पांढऱ्या-हिरव्या थराखाली गंजून गेल्या. अल्कलाइन सेलमधून बाहेर येणारा द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असतो आणि तो त्वचेला व डोळ्यांना इजा करतो. असे झाल्यास हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो थर पुसावा आणि जागा पूर्ण कोरडी करावी. मी हे फार उशिरा केले. सेलवर चालणारा रेडिओ महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, जुना व नवा सेल एकत्र घालू नये, आणि साधे सेल कधीही चार्ज करू नयेत.

नव्या रेडिओतली लिथियम बॅटरी पाझरत नाही, पण तिची काळजी वेगळी आहे. १९५४ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या रीजन्सी टीआर-१ या खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओला २२.५ व्होल्टची खास बॅटरी लागत असे आणि त्यावर फक्त मिडियम वेव्ह ऐकू येई, आज ३.७ व्होल्टच्या चपट्या बॅटरीवर तीन बँड चालतात. रोज साधारण दीड तास, मध्यम आवाजात ऐकल्यास मला आठवड्यातून एकदा चार्ज करावे लागते. मी ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही, उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला ठेवत नाही, आणि रात्रभर लावून झोपत नाही. बंद गाडीत उन्हात रेडिओ विसरणे हा बॅटरीवरचा सर्वांत मोठा अत्याचार आहे. जास्तीची म्हणून घेतलेली एक स्वस्त बॅटरी चौथ्या महिन्यात फुगली. मागचे झाकण नीट बसेना म्हणून ते लक्षात आले. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. मी ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिली. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात ठेवू नये, कारण तिची टोके जोडली गेली तर ती क्षणात तापते.

चार्जिंगचा आणखी एक घोळ सांगण्यासारखा आहे. रेडिओला टाइप-सी सॉकेट आहे, पण दोन्ही टोके टाइप-सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नसे आणि मला तो बिघडलेला वाटला. अशा केबलवर चार्जर तेव्हाच वीज सोडतो जेव्हा समोरच्या उपकरणातला एक छोटा रेझिस्टर त्याला जाणवतो, आणि बचत करणारे निर्माते नेमका तोच गाळतात. जुन्या चौकोनी यूएसबी टोकाच्या केबलने तो व्यवस्थित चार्ज होतो. मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर पुरेसा आहे.

इअरफोनच्या बाबतीत मी आता एक नियम पाळते: आधी आवाज अगदी कमी करून मग रेडिओ सुरू करायचा, कारण दोन स्टेशनांच्या मधली खरखर कानात एकदम आदळते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला आहे, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो. गोंगाटाच्या जागी आवाज वाढवत नेण्यापेक्षा मी रेडिओ बंद करते. रस्त्यावर चालताना दोन्ही कानांत इअरफोन घालत नाही.

विमानातही तो बंदच असावा. पारंपरिक रचनेच्या एफएम रेडिओमध्ये स्टेशनच्या वारंवारतेहून १०.७ मेगाहर्ट्झ वरची एक लहर आतच तयार होते. १०० मेगाहर्ट्झचे स्टेशन लावले तर ती ११०.७ वर येते, आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानांच्या दिशादर्शनासाठी राखलेला आहे.

सात महिन्यांनंतर रेडिओची झीज दिसते ती दोन ठिकाणी. एरियलचा बुडाचा सांधा सैल झाला आहे. सुरुवातीला मी एरियल टोकाला तळवा लावून एका झटक्यात मिटत असे, त्याचा हा परिणाम असावा. आता एकेक नळी बोटांत धरून आत सरकवते. लहान मुले जवळ असताना ती उघडी ठेवत नाही, कारण तिचे टोक नेमके त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. दुसरे म्हणजे आवाजाच्या चाकात धूळ शिरून ते फिरवताना कुरकुरते. बटणे मात्र अजून नव्यासारखी आहेत, आणि कुलूपाची कळ लावल्याशिवाय मी तो पिशवीत टाकत नाही. एकदा तो आतच सुरू होऊन बॅटरी संपली होती.

गेल्या महिन्यात रात्रभर वीज नव्हती आणि मोबाइलचे नेटवर्कही गेले होते. रेडिओ खिडकीच्या चौकटीत, एरियल थोडी डावीकडे कललेली, आणि मोनोवर. पहाटेपर्यंत त्यावर बातम्या ऐकल्या, आणि डिस्प्लेवर बॅटरीच्या तीनपैकी दोन रेघा तेव्हाही शिल्लक होत्या.