कार्बोनेट एल्युएंट: दर वेळी वजन, स्वतःचा स्टॉक, विकतचं द्रावण की जनरेटर?

कोल्हापूर भागातल्या पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये एकाच रॅकवर पंचगंगेचं पाणी, शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीतल्या बोअरचा नमुना आणि इचलकरंजीच्या प्रोसेसिंग युनिटचं सांडपाणी शेजारी-शेजारी असतं. एकात क्लोराइड बेताचं, दुसऱ्यात भरमसाट, तिसऱ्यात सल्फेट डोक्यावर. अशा नमुन्यांत सल्फेटचा पीक (आलेखावरचा उंचवटा) काल जिथे आला तिथेच आज यायला हवा, आणि ते बरंचसं एल्युएंटच्या, म्हणजे नमुना यंत्रातून वाहून नेणाऱ्या द्रावणाच्या, हातात असतं. म्हणून आयसी (आयन क्रोमॅटोग्राफ, पाण्यातले आयन वेगळे करून मोजणारं यंत्र) नवीन बसवताना किंवा जुनी पद्धत बदलताना एल्युएंट कसं करायचं, हे आधी ठरवा.

तुलनेसाठी नेहमीचे दोन कॉलम (आयन वेगळे करणाऱ्या नळ्या) घेऊ. मेट्रोसेप ए सप ५ ला ३.२ मिलीमोलर सोडियम कार्बोनेट आणि १.० मिलीमोलर बायकार्बोनेट लागतं. डायोनेक्स एएस२२ ला ४.५ आणि १.४. तुमचा कॉलम वेगळा असेल तर त्याच्यासोबत आलेल्या कागदावरचा आकडा धरा.

दर वेळी वजन करून

ए सप ५ साठी २ लिटरला ०.६७८ ग्रॅम कार्बोनेट आणि ०.१६८ ग्रॅम बायकार्बोनेट. चार दशांशांचा तराजू असेल तर वजनाची चूक नगण्य. घात करते ती पावडर. निर्जल कार्बोनेट हवेतली ओल धरून मोनोहायड्रेट होतं, आणि त्यात साडेचौदा टक्के पाणी असतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. झाकण सैल राहिलेली बाटली पूर्ण ओलावली, तर ३.२ ऐवजी जेमतेम २.७ मिलीमोलर मिळतं. कार्बोनेट ११० अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार करा.

बायकार्बोनेट मात्र ओव्हनमध्ये अजिबात नको. ५० अंशांच्या पुढे ते फुटायला लागतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून कार्बोनेट होतं. दोन्ही वजनबाटल्या एकाच ट्रेमध्ये ओव्हनमध्ये गेल्या, तर एल्युएंटमध्ये बायकार्बोनेट जवळपास उरत नाही आणि कार्बोनेट ४.० मिलीमोलरपर्यंत चढतं. सल्फेट घाईने येतो, पीएच वाढल्यामुळे फॉस्फेट त्याच्याकडे सरकतो, आणि दोष कॉलमवर जातो.

आठवड्यातून एखाद-दुसरा दिवसच आयसी चालत असेल, तर ही पद्धत पुरेशी आहे. रोज चालत असेल तर दर बाटलीगणिक थोडा फरक पडतच राहतो.

स्वतःचा स्टॉक

इथल्या बहुतेक छोट्या आणि मध्यम लॅबसाठी आमची शिफारस हीच, पण मिश्र स्टॉक (दोन्ही क्षार एकत्र असलेलं दाट द्रावण) करू नका. दोन वेगळे ०.५ मोलर स्टॉक ठेवा: कार्बोनेट लिटरला ५३.० ग्रॅम, बायकार्बोनेट लिटरला ४२.० ग्रॅम. ए सप ५ साठी २ लिटरला कार्बोनेटचे १२.८ मिली आणि बायकार्बोनेटचे ४.० मिली, एएस२२ साठी १८.० आणि ५.६ मिली. कॉलम बदलला किंवा प्रमाण किंचित हलवायचं झालं, तरी स्टॉक तेच राहतात.

कार्बोनेट विरघळवताना आधी ७०० मिली पाणी घ्या आणि ढवळत ढवळत पावडर सोडा. पावडरवर पाणी ओतलं की तळाशी दगडासारखा थर बसतो. द्रावण गरम होतं, त्यामुळे गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरा. बायकार्बोनेटचं उलट: विरघळताना द्रावण गार पडतं आणि वेळ लागतो. घाईने हॉट प्लेटवर किंवा गरम सोनिकेटरमध्ये ठेवू नका. थांबा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग खुणेपर्यंत भरा.

साठवणीत खरी गोम आहे. बायकार्बोनेटचा दाट स्टॉक हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि हळूहळू कार्बोनेटकडे झुकतो. पातळ केलेलं एल्युएंट नेमकं उलट वागतं: हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं. म्हणून बायकार्बोनेट २५० मिलीच्या पॉलिप्रोपिलीन बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवा, आणि उघडलेली बाटली लवकर संपवा. त्यातली हवा काढायला व्हॅक्यूम लावू नका. तयार एल्युएंटला व्हॅक्यूम चालतो, पण त्याच्या बाटलीच्या हवेच्या तोंडावर सोडा लाइमची (कार्बन डायऑक्साइड शोषणारी) नळी हवीच. कार्बोनेटचा स्टॉक खोलीतच ठेवा. अति थंडीत स्फटिक बसू शकतात. फ्रीजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिपेट बुडवू नका.

पाणी १८.२ मेगाओम-सेंमीचं आणि ताजं. जुन्या एल्युएंटवर नवीन ओतू नका. बाटली रिकामी करून धुवा. खोली उबदार असेल तर आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि तो पुढे फ्रिटमध्ये (बारीक गाळणीत) अडकून दाब चढतो.

विकतचं शंभरपट द्रावण

२० मिली घ्या, २ लिटर करा, संपलं. एकच कॉलम आणि माणसं वारंवार बदलणारी असतील, तर हा पर्याय चांगला. पण किंमत जास्त, प्रमाण ठरलेलं, आणि ऐनवेळी मागवलं तर कुरिअरची वाट पाहावी लागते. सोबतच्या सर्टिफिकेटला भुलून मात्र घेऊ नका. एल्युएंटची तीव्रता निकालाच्या हिशेबात येत नाही. निकाल येतो तो स्टँडर्डवरून (तीव्रता माहीत असलेल्या द्रावणावरून).

एल्युएंट जनरेटर

यंत्राला फक्त शुद्ध पाणी द्यायचं, द्रावण ते विजेवर बनवतं. कार्बोनेटसाठीही कार्ट्रिज मिळतं, पण खरा फायदा हायड्रॉक्साइडला: सप्रेसरनंतर (एल्युएंटची वाहकता दाबणाऱ्या भागानंतर) बॅकग्राउंड, म्हणजे उरलेली वाहकता, १ मायक्रोसीमेन्सच्या आत, तर कार्बोनेटला साधारण १५ ते २० च्या घरात. ग्रेडियंटही (मोजणी चालू असताना तीव्रता बदलत नेणं) चालवता येतो. फ्लोराइड किंवा ब्रोमेट पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) मोजायचं असेल तर हाच पर्याय घ्या. पण पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मधल्या स्वीकार्य मर्यादा, म्हणजे फ्लोराइड १.०, नायट्रेट ४५, सल्फेट २००, क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रति लिटर, कार्बोनेटवर आरामात मोजता येतात. तेवढ्यासाठी जनरेटर, दर काही काळाने कार्ट्रिज आणि जोडीला यूपीएस हा खर्च आम्हाला पटत नाही.

कोणतीही पद्धत घ्या, बाटली लावल्यावर

सप्रेसरनंतरचं बॅकग्राउंड आणि मधल्या स्टँडर्डमधली सल्फेटची वेळ वहीत लिहा. एल्युएंट दहा टक्के पातळ झालं तर सल्फेटची कॉलमवरची धारणा (अडकून राहणं) साधारण अकरा टक्क्यांनी वाढते, क्लोराइडची पाचच टक्क्यांनी. म्हणून फरक आधी सल्फेटमध्ये दिसतो. नवीन बाटलीबरोबर लगेच उशीर झाला तर वजन, ओल किंवा पिपेट तपासा; त्याच बाटलीवर दिवसागणिक उशीर होत गेला तर सोडा लाइम बदला. उलट, काही महिन्यांत सगळेच पीक लवकर येऊ लागले, तर कॉलमची क्षमता घटते आहे. त्यासाठी आधी एल्युएंटला दोष देऊ नका. आणि ब्लँकमध्ये (नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी) क्लोराइडच्या जागी खाली जाणारा पीक दिसला, तर क्लोराइड एल्युएंटमध्येच आहे: पावडरचा ग्रेड, पाणी आणि न धुता वापरलेला फिल्टर पेपर, याच क्रमाने शोधा.