तानपुरा, ब्लूटूथ स्पीकर आणि गुरुवारचा फोन: आठ महिन्यांनंतर

हा स्पीकर मी घेतला तो फक्त फोनवरच्या तानपुऱ्याच्या ॲपसाठी, गाण्याच्या रियाजाला. दहा वॅट, ब्लूटूथ 5.3, एकाच वेळी दोन फोन जोडायची सोय, हे सगळं खोक्यावरच छापलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. 2,799 रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार जवळपास प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला लागू आहे. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तर लिहायला बसले.

पहिले काही महिने मी या वस्तूवर बेहद्द खूश होते. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा. तो सा साधारण 208 हर्ट्झ आणि खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार 104 च्या आसपास. मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरमधून हा खर्ज येतच नाही, नुसती वरची झणझण ऐकू येते. यातून तो येतो. पहाटे साडेपाचला दार लावून बसलं, की ही खर्जाची चौथी तार वाजताना ज्या लाकडी कपाटावर स्पीकर ठेवलाय ते हलकेच घुमतं. हात टेकला तर कळतं. तेव्हा मी गाण्याच्या वर्गातल्या चौघींना सांगितलं होतं, हा स्पीकर डोळे मिटून विकत घ्या.

त्या वेळी मी महिन्यातून एकदा सांगलीला माझ्या गाण्याच्या गुरू, बाईंकडे, तालमीला जात असे. जूनपासून सासूबाईंच्या आजारपणामुळे पुणं सोडता येईना. बाई म्हणाल्या, फोन कर, गुरुवारी साडेसहाला. व्हिडिओ नको, कारण "मग माझं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे जातं, गळ्याकडे राहत नाही." पहिल्या गुरुवारी तानपुरा लावला, कॉल लावला, आणि तानपुरा बंद! त्याच स्पीकरमधून बाईंचा आवाज यायला लागला, तोही पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. बाईंच्या आवाजातला खर्ज ज्याने समोर बसून ऐकलाय, त्याला हे सहन होणार नाही.

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने सॉफ्टवेअर अपडेट केलं, फरक शून्य. मग स्वतःच्या फोनवर गाणं लावून कॉल करून दाखवला. गाणं थांबलं. "मॅडम, असंच असतं." आणि तपासणीचे 350 रुपये. वॉरंटीत असलेल्या वस्तूचे! अर्धा तास भांडून ते सोडायला लावले. फोनवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, स्पीकरचा दोष. खरं कारण दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. ते असं आहे.

ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. गाणं जातं ए-टू-डी-पी नावाच्या वाटेने. ती एकेरी आहे, पण रुंद: आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने. कॉलसाठी एच-एफ-पी ही वाट. तिच्यावर ये-जा दोन्ही असते, म्हणून अरुंद: सेकंदाला सहसा 8,000 किंवा 16,000 नमुने, तेही एकाच चॅनेलवर. कॉल स्पीकरवर आला की फोन पहिली वाट बंद करून दुसरी उघडतो. दोन्ही एकदम चालत नाहीत. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, पण खोक्यावर 5.3 छापलंय म्हणजे ती आतमध्ये असतेच असं नाही. माझ्यात नाही. मी आकडा बघून पैसे मोजले होते.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत स्पीकरच्या नावापुढच्या चाकावर टिचकी मारा, 'फोन कॉल' बंद करा, 'मीडिया ऑडिओ' चालू ठेवा. मग कॉल फोनवरच राहतो आणि स्पीकरला हात लावत नाही. तानपुऱ्याचं ॲप कॉल लागताना तरीही थांबतं, पण माझ्या फोनवर परत चालू केलं की वाजतं. इथे मी स्पीकरबद्दलचं मत बदललं. दोष त्याचा नव्हता.

पुढचा गुरुवार. तानपुरा वाजतोय, मी फोन लाऊडस्पीकरवर ठेवून सा लावला. बाई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "अगं, तुझा तानपुरा हुंदके देतोय."

हे मला सगळ्यात जिव्हारी लागलं. फोनमध्ये गोंगाट गाळण्याची यंत्रणा असते. पंखा, इंजिन, मिक्सर, असा जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला ती गोंगाट समजते आणि दाबते. आता तानपुऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला? ज्या सातत्यासाठी आपण तो लावतो, त्याच सातत्यासाठी फोन त्याला पुसून टाकतो. मी गायला लागले की गाळणी जरा सैल व्हायची आणि तानपुरा डोकवायचा, मी थांबले की गायब. माझा लांब धरलेला सासुद्धा तीनचार सेकंदांनी विरायला लागायचा. बाईंना वाटलं माझा दम कमी पडतोय. त्यांनी मला ओंकाराचा रियाज वाढवायला सांगितला, आणि मी पंधरा दिवस तो केला!

झूमवर 'ओरिजिनल साऊंड' चालू करून हे टळतं, पण बाईंना ते सगळं नको आहे आणि त्यांच्या 74 व्या वर्षी मी ते लादणारही नाही. दुकानदाराने वेगळा इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुचवला, किंमत पाच हजारांच्या वर. घरात 2,799 चा धड स्पीकर असताना ते पैसे मी घालणार नाही.

शेवटी ड्रॉवरमधला 2019 चा जुना फोन काढला. सिम नाही, फक्त तानपुऱ्याचं ॲप. तो स्पीकरला जोडला. पण रोजचाही फोन जोडलेला असल्यामुळे त्यावर कुठलाही आवाज वाजला की स्पीकर तिकडे पळायचा. दोन फोन जोडायची जी सोय मी हौसेने घेतली होती, तीच आडवी आली. रोजच्या फोनमधून स्पीकरचं नाव कायमचं पुसलं तेव्हा शांतता झाली.

आता व्यवस्था अशी. स्पीकर माझ्या पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बेताच्या आवाजात. कॉलसाठी तारेचा इअरफोन, त्याचं एकच बोंडुक डाव्या कानात, माइक ओठांजवळ. उजव्या कानाला तानपुरा. तिकडे बाई स्वतःचा मिरजेचा तानपुरा छेडत बसतात. दोन्हीकडे आपापला तानपुरा, फोनवरून फक्त गळा. आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, तरी तानपुऱ्याला ठेका नसल्याने काही बिघडत नाही.

फक्त दोन्ही सा एक हवेत. बाईंचा तानपुरा कानाने लावलेला, माझा यंत्राने. म्हणून तालमीआधी बाई सा म्हणतात, पण लांबवत नाहीत, कारण लांबवला की फोन खातो. "सा. सा. सा." असे तुकडे. मी ॲपमध्ये एकेक सेंट, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, वर सरकवत जाते. गेल्या गुरुवारी सात सेंटला त्या म्हणाल्या, "जरा अजून." नऊवर गेले. त्या गप्प राहिल्या, आणि मग तिकडून यमन रागाचा निषाद आला.