कवळीचा दुसरा सेट, आठ महिन्यांनंतर: दाढा कुठं बसवल्यात ते बघा

काल कडक भाकरी खाल्ली. आमटीत न कुस्करता, हातानं तुकडा मोडून, शेंगाचटणी लावून थेट दाढेखाली. दीड वर्षानं! सोलापूरकराला याचं मोल सांगायला नको.

वर-खाली पूर्ण कवळीचा हा माझा दुसरा सेट. पहिला 12 हजारांचा, नऊ महिने काढले त्यावर. दिसायला सुरेख होता, बोलायला काही अडचण नव्हती. पण उजवीकडं घास घेतला की खालच्या कवळीची डावी बाजू उचलायची आणि दाण्याचा कण आत शिरायचा. पोळीचा घास तीस-चाळीस वेळा चावला तरी बारीक होईना. जेवण उरकेपर्यंत कानशिलं ठणकायची. तिथं बोटं ठेवली की चावताना स्नायू टम्म फुगलेला हाताला लागायचा. दवाखान्यात एकच उत्तर, "आजी, सवय होईल." सवयीला सहा-आठ आठवडे लागतात, मान्य. नऊ महिने?

माझा सगळा राग दाढांवर होता. वरून अगदी सपाट, शून्य अंशाच्या म्हणतात त्या. वाटलं, स्वस्तातला माल माथी मारला.

दुसऱ्या डॉक्टरांनी दाढांमध्ये निळा कागद धरून चावायला लावलं, तेव्हा माझं मत बदललं. सपाट दाढा वाईट नसतात. हाड झिजलं असेल तर आडवा जोर कमी पडावा म्हणून मुद्दाम वापरतात. माझ्या मात्र बसवल्या होत्या हिरडीच्या माथ्याबाहेर, गालाकडं. निळ्या खुणा सगळ्या बाहेरच्या कडेलाच उमटल्या होत्या. म्हणजे घास पडला की कवळी कलणार, आणि जबडा ती सावरण्यातच दमणार.

नव्या सेटमध्ये खालच्या दाढा बरोबर हिरडीच्या माथ्यावर आहेत. वरच्या दाढेचं फक्त टाळूकडचं टोक खालच्या दाढेच्या खळग्यात उतरतं, खलबत्त्यासारखं. याला लिंग्वलाइज्ड मांडणी म्हणतात. 18 हजार गेले. आधीच नीट झालं असतं तर पहिले 12 वाचले असते, याची हळहळ अजून जात नाही.

दोनदा घासून घ्यायला जावं लागलं. घास दोन्ही बाजूंना वाटून चावते. कानशिलं तिसऱ्या आठवड्यापासून शांत आहेत. कच्चं गाजर, पेरू जमत नाही, पण कवळीत जोर मूळच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच येतो, त्यामुळं त्याची तक्रार नाही.

मेणावर दात लावून ट्रायलला बोलावतात, तेव्हा सगळे आरशात हसून बघतात. डॉक्टरांना सांगा, खालच्या दाढांवर एकेका बाजूनं बोटानं हलकं दाबून दाखवा. दुसरी बाजू उचलली तर दाढा तेव्हाच सरकवून घ्या, मेणात ते दहा मिनिटांचं काम आहे.